अनवाणी शीव

हिवरगाव दोन राज्यांच्या कात्रीत सापडलं होतं. बारा वर्षं दोन्हीकडचे सरदार ‘गाव आमचं’ म्हणून भांडत होते आणि एकमेकांची घोडी अडावीत म्हणून शिवेवर लोखंडी काटे पेरत होते. घोडी राहिली बाजूला, लंगडी झाली ती गावची गुरं नि माणसं.

अखेर दोन्ही राजांनी नेमलेले पंच शिवेवर बसले. जुनी रीत अशी की, जो हक्क सांगेल त्यानं तिथली माती डोक्यावर घेऊन अनवाणी शीव चालायची.

गावची गुरं राखणाऱ्या ठमाईनं मातीची पाटी पुढे ठेवली. “घ्या सरकार, चाला.”

एका सरदारानं जोडा काढला, गवताकडे पाहिलं आणि परत घातला. दुसऱ्यानं तर काढलाच नाही.

“आधी काटे वेचा!” पहिला गरजला.

“आपल्या अंगणात कुणी काटे पेरतं का, सरकार? हे अंगण परक्याचं, हे तुम्हाला पेरतानाच ठाऊक होतं.”

“जीभ फार चालते तुझी!”

“पायही चालतात.”

ठमाईनं पाटी उचलली आणि अनवाणी निघाली. “इथं माझी कपिली गाय लंगडी झाली,” म्हणत एका जागेला वळसा घातला. “इथं लेकाचा पाय गेला,” म्हणत दुसरीला. सगळी शीव फिरून तिनं पाटी पंचांपुढे ठेवली. पायाला ओरखडा नव्हता.

“शीव गावाची,” पंच म्हणाले. “पण हे काटे वेचणार कोण?”

ठमाईनं दोन्ही सरदारांच्या जोड्यांकडे पाहिलं.

“ज्यांनी पेरले ते. अनवाणी.”