बोलेना सून, चालेना बैल

"सून बोलत नाही आणि बैल चालत नाही. व्याह्यांनी जोडी मात्र छान पाठवली हो!"

फार फार वर्षांपूर्वी एका मळ्यात सासूबाई असं सासऱ्यांना म्हणाल्या, आणि गोठ्याआड शेण भरणाऱ्या नव्या सुनेनं ते ऐकलं. तिनं मुकाट्यानं पाटी उचलली. म्हणजे सासूबाईंचं निम्मं तरी खरंच होतं.

बैल तिच्या माहेरून आंदण आला होता. लग्नात ताटातल्या तांदळांत सुनेचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. त्याच हौसेनं बैलाचंही बदललं, गजराज. सुलक्षणेला हाका मारून सासूबाईंचा घसा बसे. सुनेला वाटे, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत.

गजराजाला विहिरीवर मोट ओढायला जुंपलं, की तो उभा तो उभाच. मळ्यात वांग्यांनी माना टाकल्या.

"येत्या बाजारी विकून टाकू," सासरे म्हणाले.

सुनेनं गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात हात टाकला. माहेरचं तेवढंच एक ओळखीचं तोंड होतं.

शेवटचा उपाय म्हणून सासऱ्यांनी व्याह्यांच्या मळ्यात ऐकलेली मोटेवरची चाल गुणगुणली. बैलानं कान टवकारले, पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"बघ, गाण्यात चालच खरी!"

"अहो, नुसत्या हूंहूंनं कोण कामाला लागेल? शब्द हवेत!" सासूबाईंनी त्याच चालीत शब्द घातले, 'चल रे गजराजा, तुझ्या शिंगांना सोनं.' बैलानं पाय खाली ठेवला, होता तिथेच.

दोघांची जुंपली. बैल तेवढा मोकळा.

पाणी भरायला आलेल्या सुनेनं घागर खाली ठेवली आणि ती गायली. चाल सासऱ्यांचीच. शब्दही सासूबाईंचेच, एक सोडून. 'चल रे पाखऱ्या, तुझ्या शिंगांना सोनं.'

पाखऱ्या असा निघाला, की मोट भरून वर आली आणि पाट खळखळू लागला. बाजाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"पाहिलंस? चाल!"

"शब्द बदलला म्हणून हो! सुलक्षणे, तूच सांग. अगं सुलक्षणे!"

सून पाटाकडे बघत होती. मग सावकाश वळून म्हणाली,

"मामंजी, चालीनं पाय उचलतो. आत्याबाई, शब्दानं तो पुढे पडतो. पण ज्याच्यासाठी गायचं, त्याची ओळख नसेल तर दोन्ही वाया. आणि माझं नाव वेणू."