तिच्या हातचे अन्न

एकदा एक व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन वृद्ध वैद्यांकडे आला. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. चार पावले चालून आल्यानेच धाप लागून ती भिंतीला टेकून बसली.

"बाई, किती दिवस होतंय हे?" वैद्यांनी विचारले.

"झाले असतील आठ दिवस," व्यापारीच म्हणाला. "हिला जरा कुरकुरीची सवयच आहे, वैद्यबुवा."

वैद्यांनी तिची पापणी ओढून पाहिली. "अंगावरून फार जातं का?"

"वर्ष झालं," ती पुटपुटली.

"ते बायकांचं चालायचंच," व्यापारी हसला. "त्यातलं मला काय कळतंय!"

वैद्य त्याच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "शेठजी, मला काळजी वाटते ती तुमची. हिच्या हातचं खाल्लंत तर तुमच्या अंगात दोष भिनेल. चाळीस दिवस हिला चुलीपाशी फिरकू देऊ नका. निजून राहू दे. दूध, खजूर हिलाच द्या, म्हणजे दोष हिच्यातच जिरेल."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "चाळीस काय, पन्नास दिवस! आजच आचारी बघतो." आणि तो गाडी दाराशी आणायला लगबगीने बाहेर गेला.

शेजारी औषध कुटत बसलेल्या वैद्यांच्या शिष्याला राहवेना. "गुरुजी, असत्य बोलू नये हे तुम्हीच शिकवलंत. तिच्यापासून कुणालाही काही बाधणार नाही."

"खरं सांगून पाहिलं रे, बाळा," वैद्य म्हणाले. "हिला विश्रांती द्या, नाहीतर ही जाईल, असं किती घरांना सांगितलं. हो हो म्हणून लोक काढा घेऊन गेले आणि संध्याकाळी ती बाई विहिरीवर पाणी शेंदत होती. त्यातल्या कितीजणी गेल्या, ते मलाच ठाऊक. तिच्या जिवाला धोका आहे म्हटलं की कुणी हलत नाही. आपल्या जिवाला आहे कळलं की सगळं घर हलतं. ज्या थोड्या वाचल्या, त्या या खोट्यामुळे वाचल्या, माझ्या विद्येमुळे नव्हे."

भिंतीचा आधार घेत ती उठली.

"बाबा, मी बरी झाले, तरी माझ्या हातचं ते पुन्हा खातील का? नाही खाल्लं, तर मला त्या घरात ठेवतील कशाला?"

वैद्यांनी खाली बघत औषधाची पुडी बांधली आणि शिष्याकडे दिली. बाहेरून हाक आली, "चल, आटप लवकर!" ती निघाली.

शिष्याने ती पुडी तिच्या हाती दिली. त्या पुडीने काय बरे होईल, हे तो शिकला होता. काय बरे होणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळले.