तेरड्याची परी आणि वैजूची टाच

डोंगराच्या कुशीत, तेरड्याने गुलाबी झालेल्या एका वाडीत वैजू राहायची. डोळे टपोरे, गालावर खळी, पाय मात्र भारी हट्टी. जन्मापासून ते चवड्यांवरच उभे राहायचे. टाचा काही केल्या जमिनीला टेकायच्या नाहीत. चार पायांचा वॉकर पुढे ठेवत ती टुकटुक चालायची.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या नसीमताईंनी आईला व्यायाम शिकवला होता. सकाळी पोटऱ्या हळूहळू ताणायच्या, मग चालताना म्हणायचं, "आधी टाच, मग बोटं." टाच जराजरा टेकायलाही लागली होती. पण डोक्यावरून चिरे वाहून वाहून आईची कंबर धरली. तिला खाली बसवेना, व्यायाम राहिले, आणि टाच पुन्हा रुसून वर गेली.

वैजूला यंदा घरात गौर आणायची होती. तेरड्याची गौर, हळदीकुंकवाच्या ओल्या पावलांवरून. काकी म्हणाली, "बाय माझी, गौर घेऊन मध्येच पडलीस तर? यंदा शेजारच्या रेवाला सांगू." वैजू परसात जाऊन पोटभर रडली.

तिथे एक तेरडा वाऱ्याने आडवा झाला होता. "तुला टेकू हवा, माझ्यासारखा," म्हणत वैजूने डोळे पुसले, काटकी रोवली आणि आपल्या रिबिनीने त्याला अलगद बांधलं. तोच एक पाकळी थरथरली आणि आतून बोटभर परी बाहेर आली. राणी रंगाचा इवलासा झगा, पंखांवर दवाचे चिमुकले मणी.

"टेकू दिलास, आता काहीतरी माग," परी म्हणाली. "एकच हं. आणि ते तीन दिवसच टिकेल."

"तीनच का गं?"

"तेरड्याचा रंग तीन दिवस, ऐकलं नाहीस का कधी? मी पडले तेरड्याची."

तुम्ही काय मागितलं असतंत? मी तर बाई सरळ पाय मागितले असते. वैजूच्याही ते अगदी ओठांवर आलं होतं. तिसऱ्या दिवशीच तर गौर येणार होती. तेवढ्यात घरातून आईचं कण्हणं ऐकू आलं.

वैजूने घराकडे पाहिलं. "माझ्या आईची कंबर बरी कर."

"आणि तुझी गौर?"

"रेवा आणेल." वैजू तेरड्याकडे बघत म्हणाली.

परीने पंख झटकले, गुलाबी चुरा चमचमत घरात शिरला.

सकाळी आई गुणगुणत उठली. आणि उठल्या उठल्या कुठे गेली असेल? तेलाची वाटी घेऊन थेट लेकीच्या पायाशी. रोज ती पोटऱ्या ताणायची, मग मायलेकी अंगणात चालायच्या, आणि काकी दारातून बघत राहायची. तिसऱ्या दिवशी वैजूची टाच टेकली. जराशी वाकडी, पण टेकली.

काकी आत गेली, तेरड्याची जुडी घेऊन आली आणि तिने ती वॉकरला घट्ट बांधली. "चल, आण आपली गौर," ती म्हणाली.

वैजू उंबरा ओलांडून आली. टाच, बोटं. टाच, बोटं. कुंकवाच्या पावलांशेजारी वॉकरचे गोल गोल लाल ठसे उमटत गेले.

काकीने रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या, असं म्हणायची रीत. वैजूने खाली आपल्या टाचांकडे पाहिलं. "माझ्या," ती म्हणाली. आईने पदर डोळ्यांना लावला.

वॉकरच्या दांडीवर परी बसली होती, फक्त वैजूला दिसत होती. "मी दिलेलं आज संपतं," ती कुजबुजली. "हे तू चालून मिळवलंस. त्याला माझा नियम नाही." मग गुलाबी उजेड झाला, समईच्या ज्योतीत मिसळला, आणि परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी आईची कंबर पुन्हा धरली. नियम तो नियम. पण तेलाची वाटी वैजूच्या पायाशी आलीच. या वेळी वाटी काकीच्या हातात होती.

"तू पडून राहा गं," काकीने आईला दटावलं आणि पदर खोचून खाली बसली. "हं वैजूबाय, दे पाय. काय म्हणायचं असतं?"

"आधी टाच," वैजूने शिकवलं, "मग बोटं."