उणे चाळीस

“ती नेमकी फाटकातच का रेंगाळली?”

हा प्रश्न वृषालीनं अजून कुणाला विचारला नव्हता. रात्रभर तो तिच्या उशाशी बसून होता. पहाटे तिच्याआधी तोच उठला.

ती म्हणजे अंकुशकाकांची शाळेची व्हॅन. सोमवारी सकाळी रेल्वे फाटकात, बरोबर रुळांवर, तिचं अवसान गळालं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, इंजिननं पिकअप सोडला आणि अकरा पोरं घेऊन ती मुंगीच्या पावलानं पलीकडे सरकली. लांबून भोंगा ऐकू येत होता म्हणे.

अकरांतली एक वृषालीची निशी. वय वर्षं सहा.

आणि त्या व्हॅनची दुरुस्ती आदल्या शुक्रवारी वृषालीनंच केली होती.

कुर्डुवाडीत दस्तगीरचाचांच्या गॅरेजवर ती दोन वर्षं गाडीचं इलेक्ट्रिकचं काम शिकत होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, बाळंतपणानंतर तो कपाटात गेला होता. चाचांना इंग्रजी वाचता येत नसे. स्कॅनर लावून गाडीच्या पोटातलं वाचून दाखवायची ती वृषाली. या गोष्टीचा तिला अभिमान होता. तेवढा एकच होता, म्हणून ती तो जपून वापरी.

शनिवारी सकाळी व्हॅन दारात येऊन उभी राहिली.

“ताई, झालं ना सगळं? नेऊ ना?” अंकुशकाकांनी खिडकीतून विचारलं.

“न्या. काल परत तपासलंय.”

“निशी कुठंय?”

“तिला कणकण आहे जरा. आज राहू दे.”

ती हे इतकं सहज बोलली, की व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटत राहिलं.

मग तिनं निशीला स्कुटीवर पुढं उभं केलं आणि गॅरेज गाठलं. ताप आलेली पोरगी वाटेत दोन गाणी म्हणाली.

साडेआठला अंकुशकाका व्हॅन घेऊन गॅरेजवर हजर.

“पोरं उतरवली आणि परत दिवा लागला. फाटक ओलांडलं होतं, एवढंच नशीब. साडेअकराला शाळा सुटती. तोवर बघा काय ते.” त्यांनी किल्ली चाचांच्या हातात ठेवली आणि चहाला निघून गेले.

दस्तगीरचाचा स्टुलावरून उठले नाहीत.

“वाच,” ते म्हणाले.

वृषालीनं स्कॅनर लावला. “फ्युएल टेंपरेचर सेन्सर, चाचा. तोच कोड. डिझेल किती तापलंय ते गाडीच्या संगणकाला सांगणारा. मधूनच तो उणे चाळीस दाखवतो. संगणक घाबरतो आणि इंजिनची ताकद काढून घेतो.”

“उणे चाळीस...” चाचा म्हणाले. “मार्च महिन्यात. कुर्डुवाडीत.”

“म्हणजे कुठंतरी सर्किट तुटतंय. सेन्सरपासून बातमी पोचतच नाही.”

“मग काय काय केलंस?”

याच प्रश्नाची ती वाट पाहत होती. तिनं वही उघडली. गेल्या आठवड्यात शुक्रवारी जुना सेन्सर तपासला, खराब निघाला, नवा घातला. मंगळवारी तोही काढून दुसरा नवा घातला. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, कुठंही तुटलेली नाही. संगणकाकडून पाच व्होल्ट येतात, पुरे येतात. अर्थिंग चांगलं. सगळ्या आकड्यांपुढे तारीख होती, वेळ होती. अक्षर सुरेख होतं.

चाचांनी वही हातात घेतली. उलटी धरली. मग सुलटी केली.

“किती वेळा मोजलंस?”

“रोज. व्हॅन पोरं सोडून परत आली की थांबवून घ्यायची. दुपारीपण. काल चार वेळा.”

“का?”

“खात्री नको का, चाचा? माझी पोरगी बसते त्यात.”

चाचा उठले. बॉनेटखाली वाकले. फिल्टरच्या बाजूला तो अंगठ्याएवढा सेन्सर होता आणि त्याच्यावर दोन वायरींची प्लास्टिकची टोपी. गॅरेजमध्ये तिला कपलर म्हणतात. त्यांनी कपलर काढून तिच्यापुढे धरला.

“कसं मोजतीस, दाखव.”

वृषालीनं मीटर घेतला. कपलरच्या तोंडात दोन बारीक पितळी भोकं होती. मीटरचं एक टोक तिनं डाव्या भोकाला नुसतं टेकवलं. दुसरं उजव्या भोकात घातलं, जरा दाबलं, जरा फिरवलं. टोक नीट बसल्याशिवाय आकडा थरथरतो, हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं.

“पाच,” ती म्हणाली. “बघा. पुरे पाच.”

चाचांनी आकड्याकडे पाहिलं नाही. ते तिच्या मनगटाकडे पाहत होते.

मग ते भंगाराच्या डब्याकडे गेले. तिनं शुक्रवारी काढून टाकलेला जुना सेन्सर शोधून आणला. पक्कडीनं त्याची एक पिन उपटली. काडीपेक्षा बारीक, चपटी पिन.

ती त्यांनी कपलरच्या डाव्या भोकात सारली आणि कपलर उलटा केला.

पिन लटकून राहिली. चाचांनी कपलर हलवला. तरी राहिली.

तीच पिन काढून त्यांनी उजव्या भोकात सारली. कपलर उलटा केला.

पिन खाली पडली. टायरजवळ बसलेल्या निशीनं ती उचलून आणून दिली.

चाचांनी पुन्हा सारली. पुन्हा पडली.

वृषालीनं त्या भोकाकडे पाहिलं. सेन्सरची पिन काडीपेक्षा बारीक. मीटरचं टोक पेन्सिलीच्या टोकाएवढं. रोज. काल चार वेळा.

“हे मी...” ती म्हणाली. “भोक मी मोठं केलं. पिन आत सैल पडली. गाडी उभी असली की टेकते. गचका बसला की सुटते. फाटकात रुळांचे गचके बसतात.” ती आता चाचांशी बोलत नव्हती. “म्हणून फाटकात.”

“व्हय.”

“मग सेन्सर? मंगळवारी नवा घातला तो?”

“तो चांगला हुता.”

“आणि शुक्रवारी घातलेला?”

“तोबी चांगला हुता. शुक्रवारी दुपारी गाडी बरी झाली हुती, पोरी.”

“मग नंतर काय झालं?”

“नंतर तू तपासलंस.”

पत्र्याच्या छपरावर ऊन चढत होतं. वृषालीनं वही मिटली. ती कुठं ठेवावी हे तिला कळेना, म्हणून ती हातातच राहिली.

“तुम्ही मला अडवलं का नाही, चाचा? रोज बघत होतात.”

“पाठ बघत हुतो. हात आज दिसला.” चाचा थांबले. “चूक माझीबी हाय. वही बघून मला वाटलं, हिच्याकडं आता बघायची गरज न्हाई.”

ते पुन्हा स्टुलावर बसले. “कर आता. भोकाचं पितळ नवं टाक.”

वृषालीनं कपलर उघडला. उजव्या भोकातलं जुनं पितळ बारीक सुईनं सोडवून बाहेर काढलं, वायरीचं टोक कापलं, सोललं, नवं पितळ त्यावर आवळलं, टक आवाज येईपर्यंत आत ढकललं. हात तिचे चांगलेच होते. ती बाकी सगळ्यावर शंका घेई, हातांवर कधी घेतली नव्हती.

पिन सारली. उलटा केला. पिन लटकून राहिली.

“धरती का?”

“धरते.”

“लाव.”

तिनं कपलर सेन्सरवर बसवला. इंजिन सुरू केलं. चाचांनी वायर धरून गदागदा हलवली, बॉनेटच्या कडेवर मूठ आपटली. स्कॅनरवर एकेचाळीस होते. एकेचाळीसच राहिले.

वृषालीचा हात मीटरकडे गेला.

हात तिथंच थांबला. नुसता थांबला, मागे आला नाही.

सव्वाअकराला अंकुशकाका आले.

“चाचा, बिनघोर नेऊ का?”

“मला का इचारतोस? जिनं केलं तिला इचार.”

अंकुशकाका वृषालीकडे वळले. सकाळी याच माणसाला ती न्या म्हणाली होती. तेव्हा शब्द पटकन आला होता.

“पिन सैल पडली होती, काका,” ती म्हणाली. “माझ्यामुळं. तपासताना मीच ती ढिली केली. सोमवारी पण... ते पण त्यामुळंच.”

अंकुशकाकांनी टोपी काढली. डोकं खाजवलं.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता धरते.”

“मग झालं तर.” त्यांनी टोपी घातली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण एरवीची थट्टाही नव्हती. “निशीला द्या माझ्याबरोबर. पोरं घेऊन फाटकाच्या पलीकडं जायचंच आहे, तिच्या आजीपाशी सोडतो. ऊन लागंल तिला इथं.”

“नको,” वृषाली म्हणाली. “तिला ताप आहे.”

म्हटलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे पुन्हा तितकंच सहज आलं.

चाचांनी फडक्याला हात पुसले. दोन्ही बाजूंनी, नखांच्या कडेपर्यंत. मग निशीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या कपाळावर हाताची मागची बाजू ठेवली.

बराच वेळ ठेवली.

“अंकुश,” ते हात न काढता म्हणाले, “सकाळी किती पोरं हुती गाडीत?”

“दहा. का?”

वृषालीनं मान खाली घातली.

चाचा उठले. गुडघा धरून, सावकाश. तिच्याकडे न पाहता म्हणाले,

“ताप आणायचाच हुता, तर दहांना का न्हाई आणलास?”

छपराचा पत्रा तडतडला. अंकुशकाका एकदा चाचांकडे, एकदा वृषालीकडे पाहत राहिले. मग त्यांना हळूहळू कळत गेलं, आणि ते कळतंय हे वृषालीला दिसत गेलं. जाऊन ते आपल्या जागेवर बसले.

वृषालीनं व्हॅनचं दार सरकवलं. निशीला उचलून आत ठेवलं. मग स्वतःही चढली आणि तिच्या शेजारी बसली. त्या बुटक्या बाकावर तिचे गुडघे पोटाशी आले.

व्हॅन निघाली. पिवळा दिवा लागला नाही.

निशीनं आधी आईकडे पाहिलं. मग पुढं वाकली.

“काका,” ती म्हणाली, “सकाळी माझ्या जागेवर कोण बसलं होतं?”