सभापतींचं ताट

कुंभारटेकडीच्या बोळांत नगरपालिकेची कचरागाडी शिरत नसे. कचरा गटारात कुजायचा आणि पोरं तापानं फणफणायची. म्हणून हौसाक्कानं बायकांना जमवून बेत आखला. घरोघरी ओला नि सुका कचरा वेगळा ठेवायचा, हातगाडीवर गोळा करायचा, ओल्याचं खत करायचं आणि सुका भंगारवाल्याला द्यायचा. खताच्या खड्ड्यांसाठी तेवढी नगरपालिकेची पडीक जागा हवी होती. ती देणं आरोग्य सभापती विश्वासरावांच्या हातात होतं.

टेकडीवरच्या पूजेच्या जेवणाला विश्वासराव आले आणि मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं हौसाक्का, हे वेगळं-वेगळं सोवळं कशाला? शेवटी सगळं एकाच डेपोत जातं. मोठ्या रस्त्यावर आणून गाडीत द्यायचं कालवून! जागाबिगा काही मिळायची नाही."

बायकांचे चेहरे उतरले. हौसाक्का मात्र हसून म्हणाली, "बरं साहेब. बसा जेवायला."

तिनं स्वतःच्या हातानं त्यांचं ताट आणलं. जिलबीवर आमटी, आमटीत मठ्ठा, त्यात भात, लोणचं नि पापड, सगळं एकत्र कालवलेलं!

विश्वासराव भडकले. "हे काय गं? एकेक जिन्नस चांगला होता. कालवून पार उकिरडा केलास की!"

"मी तरी दुसरं काय सांगतेय, साहेब? साल, पुठ्ठा, बाटली, आमच्याही घरातनं एकेक जिन्नस कामाचाच निघतो. त्याचा उकिरडा होतो तो कालवल्यावर."

अख्खी पंगत हसली. विश्वासरावांनी आधी मिशीवर हात फिरवला, मग तेही हसले.

"घे बाई तुझी जागा," ते म्हणाले, "पण आधी मला कोरडी जिलबी वाढ!"