कपाळावरची काळी अक्षरे

एका राज्यात राजधानीच्या वेशीवर नीलमण्यांच्या पंखांचा एक राघू बसे. कुणाचे पोर चुकताना सापडले की शिपाई त्याला वेशीखाली उभे करीत. राघू एक शब्द उच्चारी, तो काळ्या अक्षरांत पोराच्या कपाळी उमटे. मग त्याला कुणी काम देईना, कुणी दारात उभे करीना. वर्षभरात पोर त्या शब्दासारखेच होई, आणि लोक म्हणत, "राघू कधी चुकत नाही हो!" धन्य त्या लोकांची!

विणकराच्या भानूने भुकेपोटी राजबागेतले एक डाळिंब तोडले आणि कपाळी 'चोर' उमटले. वर्ष सरते न सरते तोच त्याने खजिन्याची गाडी लुटली. वज्रसेन राजाने आठव्या दिवशी कडेलोट फर्मावला.

भानूची बहीण कुसुंबी रडत बसली नाही. राघू घडवणाऱ्या मांत्रिकाच्या डोंगरावर ती अनवाणी चढली. काय त्या मुलीची छाती!

"बाबा, हा शाप कसा फिटेल?"

"डागलेल्याच्या हाती घराची किल्ली दे. डागलेल्याच्या हातचे जेव. मग राघू तुझ्या एका प्रश्नाला खरे उत्तर देईल."

'लुच्ची' असे कपाळी असलेल्या मुलीला कुसुंबीने किल्ली दिली. संध्याकाळी घर सारवलेले मिळाले. 'घातकी' पोराने थापलेली भाकर ती पोटभर जेवली. प्रश्न मात्र तिने कडेलोटाच्या दिवशी, भर वेशीत विचारला.

"राघू, भानूच्या आधी राजबागेत डाळिंबे कुणी चोरली?"

"वज्रसेनाने. वय बारा, डाळिंबे सात. त्याला 'खट्याळ' म्हणावे, असा मला हुकूम होता."

सगळे राजाकडे पाहू लागले. पण राजाही मोठ्या मनाचा! तो हत्तीवरून उतरला आणि वेशीखाली उभा राहिला.

"मलाही भानूचाच शब्द दे."

राजाच्या कपाळी 'चोर' उमटले, आणि सवयीने सारी प्रजा तीन पावले मागे सरली. माणूस एकटा कसा पडतो ते राजाला तेव्हा कळले.

बांधल्या हातांनी भानू पुढे झाला. बाहीने त्याने राजाचे कपाळ पुसले.

"बारा वर्षांचे होतात, महाराज. पोरच होतात."

अक्षरे पुसली गेली. त्यासरशी राज्यातले प्रत्येक कपाळ स्वच्छ झाले, राघूची निळी राख झाली. राजाने कडेलोट रद्द केला. भानूने लूट परत केली आणि तो राजबागेत माळी म्हणून राबू लागला.

त्या राज्यात पोरे अजूनही चुकतात. लोक त्यांचे कान पिळतात, आणि मग त्यांना जेवायला हाक मारतात.