मचूळ विहीर

एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत एकदा एका शिष्याने मोठे नवल केले. सोन्याचे नॅनोकण पाण्यात मिसळून त्याने माणकासारखा लाल द्रव बनवला. पाण्यात विषारी धातू असला की हा द्रव निळा होई. हुशारी वादातीत होती. घाई मात्र तिच्याहून मोठी!

कुपी घेऊन स्वारी थेट एका गावच्या विहिरीवर पोहोचली. पाणी शेंदत असलेली अनसूयाबाई म्हणाली, "पाणी मचूळ आहे दादा, जरा खारट लागतं, पण आजवर कुणाला बाधलं नाही." शिष्याने ऐकले न ऐकलेसे केले. थेंब टाकले, द्रव निळाशार झाला. त्याच दिवशी विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि आठवड्याच्या आत शिष्याचा सत्कारही उरकला.

गाव ओढ्याचे पाणी पिऊ लागले. पंधरवड्यात हगवणीची साथ आली आणि अनसूयाबाईची पाच वर्षांची रत्ना गेली.

शिष्य धावत आचार्यांकडे आला. "गुरुजी, पण विहीर तर विषारीच होती ना?"

आचार्यांनी स्वयंपाकघरातून मीठ आणले, शुद्ध केलेल्या पाण्यात चिमूटभर विरघळवले आणि त्यात शिष्याचा लाल द्रव ओतला. बघता बघता तो निळा झाला.

"सांग, यात कोणतं विष आहे?"

शिष्य पांढराफटक पडला.

"अरे, मिठानंही हे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. तू सारे प्रयोग शुद्ध पाण्यावर केलेस. तसलं पाणी गावात पितं कोण? मचूळ आहे, असं ती बाई तुला तोंडावर सांगत होती. तू रंग पाहिलास, तिचं ऐकलं नाहीस. आणि मी? तुझी वही न तपासता टाळ्या वाजवल्या. हे पाप दोघांचं आहे."

विहिरीचे पाणी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासले. विष नव्हतेच. शिष्याने स्वतःच्या हाताने फळ्या उखडल्या आणि अनसूयाबाईला सारे खरे सांगितले. तिने घागर भरली.

"मी सांगितलं होतं, दादा," एवढेच म्हणून ती निघून गेली.

पुढे तो कुठेही गेला, तरी थेंब टाकण्याआधी पाणी पिणाऱ्यांना चव विचारी. लोक म्हणत, किती नम्र माणूस! त्याला ते ऐकवत नसे.